हुफूफला सांगेन

लेकीला कोणी सांगायचं, यावरून आम्हा नवरा-बायकोचं पंधरा दिवस वाजत होतं. सांगायचं होतं ते एवढंच, की पुढच्या आठवड्यात ती कॉलेजसाठी पुण्याला जाईल, ती फायनल एक्झिट व्हिसावर. म्हणजे तिचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, कायमचा रद्द होणार. त्यानंतर आमच्याकडे यायचं तर व्हिजिट व्हिसा काढून, पाहुण्यासारखं. पोरगी जन्मली इथे सौदीत, दम्मामला, शाळा दम्मामला, पहिला दात पडला तोही दम्मामला. तिला वाटत होतं, आपण फक्त हॉस्टेलला चाललोय आणि डिसेंबरमध्ये येऊन स्वतःच्या पलंगावर लोळणार आहोत.

परतीचा, रीएन्ट्री व्हिसाही मिळतो, नाही असं नाही. पण त्याची मुदत संपायच्या आत माणूस परत यावा लागतो, नाहीतर इथून मुदत वाढवत बसायची, आणि एकदा विसरलं की झालंच. माझ्या लॅबमधल्या एका बाईच्या मुलाचं तसं झालं होतं आणि ती बिचारी वर्षभर ते निस्तरत होती. शिवाय नवऱ्याच्या कंपनीतून दर महिन्याला कुणी ना कुणी गाशा गुंडाळत होतं. आमचेच इथे किती दिवस राहिलेत, कुणास ठाऊक. ठरवलं ते शहाणपणाचंच होतं, पण सांगायची वेळ आली की मी दुसराच विषय काढत होते.

"तुझ्याच्याने व्हायचं नाही, मीच सांगतो," नवरा म्हणाला.

हे वाक्य मला सहन होत नाही. लग्न झाल्यापासून होत नाही. मी म्हटलं, "मीच सांगणार. मंगळवारी हुफूफला जातोय ना आम्ही, तिथे सांगेन. मी सांगितल्याशिवाय तू अर्ज टाकायचा नाही." तो बरं म्हणाला.

हुफूफचं खूळ तिचंच. सातवीत असताना शाळेची सहल तिथल्या जुन्या बाजारात गेली होती आणि हिला नेमक्या कांजिण्या आल्या. त्यानंतर गाडीने रियाधला जाताना कितीदा त्या फाट्यावरून गेलो, पण दर वेळी आपलं "पुढच्या वेळी बघू". मंगळवारी माझी सुट्टी होती, नवऱ्याची ड्यूटी. म्हणून आम्ही दोघीच निघालो, तिच्या हट्टाने ट्रेनने.

ऑगस्ट महिना. डब्यात एसी इतका, की मी ओढणी कानांवरून घेतली. बाहेर धूळ उडालेली, आकाश आणि जमीन एकाच मळक्या रंगाची. मधलं बकैक स्टेशन गेलं तरी मी विषय काढला नव्हता. ती कानात इअरफोन घालून खिडकीला टेकली होती. मी तीनदा घसा खाकरला. तिसऱ्या वेळी तिने एक इअरफोन काढला आणि म्हणाली, "व्हॉट, आई?"

"पाणी पिऊन घे," मी म्हटलं.

असा राग आला स्वतःचा. लॅबमध्ये रोज कितीतरी वाईट रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात. पण मी फक्त तपासून सही करते, माणसाला समोर बसवून सांगायचं काम डॉक्टरचं. वीस वर्षं मी त्या कामातून सुटत आलेय, हे मला त्या ट्रेनमध्ये पहिल्यांदा कळलं.

बाजार मात्र छान होता, हे कबूल करायला हवं. कमानी, वर छप्पर, गल्ल्यांतून फिरणारे पंखे, कुठे पितळी कॉफीच्या किटल्या, कुठे शिंपी मांडी घालून उंची अंगरख्यांना जरीची किनार लावत बसलेले. पोत्यांत तिथला लाल तांदूळ होता, आमच्या रत्नागिरीकडे पेजेला घेतात तसा. एक म्हातारी जमिनीवर झापांच्या चटया मांडून बसली होती. लेक तिच्यापुढे उकिडवी बसली आणि अरबीत सुरू झाली. म्हातारीने विचारलं, कुठली तू? लेक म्हणाली, दम्मामची. म्हातारीने माझ्याकडे बोट केलं, आणि ही? लेक म्हणाली, ही हिंदची. दोघी हसल्या. एवढं अरबी मलाही कळतं. मला काही हसू आलं नाही.

बोलायला येतं ते दुकानापुरतं. वाचायचं म्हटलं की आम्ही नवरा-बायको दोघंही ठार अडाणी. इतकी वर्षं काढली, पण अक्षर म्हणून शिकलो नाही, कारण घरात ती होती. शाळेत तिला अरबी होतं, पुढे तिने आपणहून आणखी शिकून घेतलं. विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, औषधाच्या खोक्यावरचं, सगळं तीच वाचायची. नवऱ्याच्या प्लांटमध्ये मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे घरचे सगळे सरकारी मेसेज माझ्या नंबरवर येतात. मेसेज आला की मी फोन तिच्यापुढे धरायचा आणि तिने वाचायचं, हे तिच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून चाललेलं.

अकराच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला, ऑफिसच्या लँडलाइनवरून. "सांगितलंस का? मंदूब माझ्यासमोर उभा आहे. दुपारनंतर तो महिनाभर सुट्टीवर चाललाय." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस. त्याच्याशिवाय यांचं पान हलत नाही.

लेक माझ्यापासून हातभर अंतरावर चटई उलटीसुलटी करून बघत होती. तिच्यासमोर काय बोलणार? नाही म्हणावं, तर "मी म्हटलं नव्हतं का" हे संध्याकाळी ऐकावं लागणार. मी म्हटलं, "हो, झालं."

"काय म्हणाली?"

"घरी आल्यावर बोलू."

मनात म्हटलं, जेवताना सांगू. तासाभराने असं काय बिघडतंय. तेवढ्या तासाभरात सगळं बिघडलं.

बारा वाजता दुकानांची दारं धडाधड बंद झाली. आता बाजार चारला उघडणार. आम्ही जवळच्या हॉटेलात फॅमिली सेक्शनच्या पडद्याआड बसलो आणि एक कब्सा मागवला. मोठ्या थाळीत भात, वर कोंबडी, दोघींनी एकाच थाळीत हात घातलेले. ती खुशीत होती. डिसेंबरमध्ये थंडी असते, तेव्हा बाबांनाही घेऊन येऊ, असं सांगत होती. आता सांगायचंच असं ठरवून मी म्हटलंसुद्धा, "हे बघ, तुला एक सांगायचंय." तेवढ्यात माझा फोन वाजला.

माझे हात तुपट झालेले. मी कोपराने फोन तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "बघ गं, काय आलंय."

सवय, दुसरं काय. त्या क्षणी डोक्यात काहीसुद्धा आलं नाही.

तिने डाव्या हाताने फोन उचलला आणि नेहमीच्याच आवाजात, बातम्या दिल्यासारखं, वाचून भाषांतर करायला लागली. "युअर डिपेंडंट... मेरा नाम है... के लिए फायनल एक्झिट व्हिसा इश्यू झालाय. साठ दिवसांच्या आत लीव्ह करणं..." ती थांबली नाही. पूर्ण वाचलं, खालचा अर्जाचा नंबरही वाचला. अर्धवट काही सोडायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

मग ती हसली. "मंदूबने गलत ऑप्शन डाला, आई. रीएन्ट्रीच्या जागी फायनल टाकलंय. टेन्शन नको घेऊ, कॅन्सल होता है." आणि टिश्यूने हात पुसून तिने बाबांच्या ऑफिसचा नंबर लावायला घेतला. "आत्ताच बोलते. तो निघून गेला तर खलास."

मी तिच्या मनगटाला धरलं. माझ्या हाताचं तूप तिच्या बाहीला लागलं.

"नको लावू. चुकलेलं नाहीये ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला फार वेळ लागला नाही, पण तेवढा वेळ मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी थाळीकडे बघत सगळी कारणं सांगून टाकली, लॅबमधल्या बाईचा मुलगा, बाबांची कंपनी, व्हिजिट व्हिसा आता कसा लगेच मिळतो. सगळी खरी होती. एकही ऐकण्यासारखं वाटलं नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पंधरा दिवस."

"आणि तू मला ते वाचायला दिलंस," ती म्हणाली.

सवयीने दिलं, असं म्हटलं, आणि म्हणताना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडले. ती रडली नाही. तिने वेटरला बोलावून उरलेला भात बांधून द्यायला सांगितलं, कारण बाबांना कब्सा आवडतो.

चारपर्यंत थांबून बाजार पुन्हा बघायचा बेत होता. ती नको म्हणाली. आम्ही टॅक्सीने स्टेशनवर जाऊन बसलो. दोन-अडीच तास ती शेजारच्या खुर्चीत इअरफोन घालून बसली. मी एकदा "रागावलीस?" विचारलं. "नाही," म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं.

ट्रेन सुटल्यावर तिने हात पुढे केला. "फोन दे."

मला वाटलं, बाबांना लावणार. तिने सरकारी साइट उघडली आणि काहीतरी भरायला लागली. विचारलं तर म्हणाली, "व्हिजिट व्हिसाचा फॉर्म अरबीत असतो. बाबांना जमणार नाही, चुका करतील. आत्ताच भरून सेव्ह करते, नंतर त्यांनी फक्त बटण दाबायचं."

मी तिच्या खांद्यावरून बघत राहिले. मला एक अक्षर कळत नव्हतं. ती एकेक रकाना मोठ्याने सांगून भरत होती, दुपारी वाचलं तशाच आवाजात. येणाऱ्या व्यक्तीचं नाव. बोलावणाऱ्याशी नातं, मुलगी. जन्माचं ठिकाण, दम्माम. सौदीमधला पत्ता म्हणून तिने आमचाच पत्ता टाकला, तो तिला पाठ होता. बाहेर ऊन कलत होतं, धूळ अजून बसली नव्हती.

"किती दिवस राहणार, असं विचारलंय," ती म्हणाली. "मॅक्झिमम नव्वद."

"नव्वद लिही," मी म्हटलं.

तिने तीस लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे गेली.