मामांनी सल्ला सोडला

लोक तंबाखू सोडतात, साखर सोडतात. माझ्या मामांनी गेल्या पानगळीत सल्ला सोडला.

मामा फळांच्या वखारीत काट्यावर बसतात आणि मी शेजारच्या टेबलावर वजनाच्या चिठ्ठ्या लिहिते. सकाळची हवा कोरडी झाली, वाळकी पानं वखारीच्या पत्र्यावर खरखरायला लागली, की सफरचंदांचा हंगाम सुरू होतो आणि दारात रांग लागते. रांगेतल्या माणसाला पळून जाता येत नाही, हे मामांनी फार पूर्वीच हेरलंय. खोकं काट्यावर ठेवलं की काटा स्थिर व्हायच्या आत मामा सुरू. "तू असं कर." मग कुणाला गुडघेदुखीवर, कुणाला सुनेवर, कुणाला गळक्या छपरावर. एका बाईंना त्यांनी बाळंतपण सोपं कसं जातं ते समजावलं होतं. त्या बाई सुईण होत्या. गावानं त्यांचं नाव 'असंकर' पाडलंय आणि मामांना त्यात मान वाटतो.

यातला सगळ्यात मोठा वाटा त्यांच्या मुलीच्या, माझ्या ताईच्या नशिबी आला. काय शिकावं, कुणाशी बोलावं, कुठल्या कुशीवर झोपावं. लग्न मात्र तिनं कुणाला न विचारता केलं. ती शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. दोन वर्षं तिनं घराचं तोंड पाहिलं नव्हतं.

हंगाम सुरू झाला आणि तिचा मामीला फोन आला. "तीन आठवड्यांनी रविवारी येते. पण बाबा सुरू झाले, तर आल्या पावली परत."

मामीनं मामांना सरळ सांगितलं, "आजपासून तोंड बंद ठेवायची सवय करा. नाहीतर पोरगी कायमची हातची जाईल."

मामांनी हे आव्हान स्वीकारलं, म्हणजे आधी गावभर सांगत सुटले. वखारीतलं कॅलेंडर उचलून घरी आणलं आणि रोज एक लाल फुली मारू लागले. तिसऱ्या दिवशी एक बागवाला लंगडत रांगेत आला. मामांनी त्याच्या पायाकडे पाहिलं, ओठ हलले, चेहऱ्यावर पोट बिघडलेल्या माणसाची कळा आली, आणि ते उठून मागच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. पुढे त्यांना स्वतःच्या मौनाचीच चटक लागली. "मी काही बोलत नाही हं," हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा बोलायचे.

रविवारी ताई एकटीच आली. मामांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं, वाळलेल्या अंगाकडेही पाहिलं, आणि गप्प बसले. जेवणही गप्पच झालं. ताईचा चेहरा हळूहळू सैलावला. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "बाबा, त्याला परदेशात काम मिळालंय. आम्ही दोघांनी पुढच्या महिन्यात निघावं असं तो म्हणतोय. इस्पितळात मला वॉर्डची मुख्य करताहेत. जाऊ की राहू? मला काहीच सुचत नाहीये. तुम्ही सांगा ना."

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे. अगदी विजयी मुद्रेनं.

"तू ठरवशील ते."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मी काही बोलत नाही हं."

ताईनं कप विसळून पालथा घातला आणि चारच्या बसनं गेली.

मला मामांचा राग आला. अजून आहे. त्यांनी गप्प राहण्याचा पण पाळला वगैरे काही नाही, त्यांना उत्तर येत नव्हतं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बोलायला काय जातं? आयुष्यात पहिल्यांदा खरा प्रश्न समोर आला, आणि हा माणूस पणाच्या आड लपला.

ते लाल पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेले. "बघितलंस? एक शब्द काढला नाही."

"तिनं पहिल्यांदा तुम्हाला काही विचारलं होतं," मामी म्हणाली.

पेन्सिल थांबली. मामांनी ती खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मला खरंच कळत नव्हतं गं, काय सांगावं ते."

"मग तेच सांगायचं. मलाही कळत नाही, पण बस, मिळून बघू. एवढ्यावर राहिली असती ती आज."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

मामी टेबल पुसत होती. ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही.

"एकतीस वर्षांच्या संसारात तुम्ही मला काही विचारलंत कधी?"