घाटाच्या तोंडाशी तीन ठोके

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. इथे लोक पिंपळाचं आणि पांढऱ्या साडीचं लिहितात, ते मी करमणूक म्हणून वाचतो. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. गोष्ट भर उन्हातली आहे आणि नटबोल्टची आहे. पण साठ वर्षं झाली, तिचा उलगडा मला झालेला नाही. मी सांगतोय आणि नात टाईप करतेय. शुद्धलेखन तिचं, हट्ट माझा.

गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या मळ्यात वांगी, मिरची, कोबी निघायची आणि माल मलकापूरच्या बाजारात न्यायला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप होती. ती मीच चालवायचो आणि तिचं बारीकसारीक कामही मीच करायचो. तेवढ्यावर मी स्वतःला मोठा मिस्त्री समजत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

खरा मिस्त्री होता रोहिणखेडचा हसनचाचा. मिलिटरीच्या वर्कशॉपात असताना कसला तरी स्फोट झाला आणि त्याचे दोन्ही कान गेले. ठार बहिरा. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचा. पण गाडीचा आवाज त्याच्याइतका आमच्या भागात कोणालाच कळत नव्हता. त्याच्याकडे बाभळीची हातभर लांब, वापरून गुळगुळीत झालेली काठी होती. तिचं एक टोक गाडीच्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवायचा, दुसरं दातात धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग सांगायचा, "उजव्या चाकाची बेरिंग गेली." कान गेले तरी दात ऐकतात, असं म्हणायचा. त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही.

त्याची आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. तो गाडीखाली पडलेला असताना कोणी गाडी हळूहळू पुढेमागे घेत असेल, तर त्याला थांबवायला तो ओरडायचा नाही. पान्याने चेसीवर ठोकायचा. दोन ठोके लागोपाठ, मग जरा दम खाऊन तिसरा. टक् टक्... टक्. म्हणजे आहेस तिथेच थांब. त्यानंतर गाडी बोटभर जरी हलली, तरी चाचा महिनाभर त्या ड्रायव्हरचं तोंड बघायचा नाही. आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या पायांना तो ठोका पाठ होता. ऐकला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

तर झालं असं की कोबीच्या हंगामात माझ्या जीपचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वजनाने बसायला लागले. मोडीतल्या ट्रकचे पाटे कापून टाकावेत असं माझ्या डोक्यात आलं. चाचाला विचारलं, तर त्याने हातानेच नाही म्हटलं.

"ट्रकचा पाटा ट्रकले. तुही जीप नाजूक हाये बे. तो कडक पाटा तिले सोसणार नाही. त्यापेक्षा माल कमी भर."

माल कमी भर म्हणे. मी कशाला ऐकतोय... बाहेरून ट्रकचे पाटे मिळवले, कापून घेतले आणि दोन दिवस खपून घरीच बसवले. जुने पाटे विहिरीपाशी टाकून दिले. गाडी मागून अशी ताठ उभी राहिली की काही काम नसताना मी गावातून दोन चकरा मारून आलो.

तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाले. खड्ड्यात खट्ट, वळणावर कुईं, आणि ब्रेक मारला की मागे कोणी लोखंडी पेटी सरकवल्यासारखं धड्. मी शोधायला लागलो. आधी जॅक आणि हत्यारं घरी ठेवून गाडी पळवली. आवाज तसाच. स्टेपनी दोरीने जखडली, धुराची नळी हाताने हलवून पाहिली, धक्के खाणारे शॉकअब काढून ठेवले, बुशांना तेल पाजलं, बोल्ट आवळले. एक दिवस आवाज डावीकडून यायचा, दुसऱ्या दिवशी उजवीकडून. माझ्या मायने निदान केलं की नजर लागली. तिच्या समाधानासाठी लिंबूमिरची बांधली, तर ती खाली पडली आणि आवाज राहिला. चाचाकडे जायला तोंड नव्हतं. त्याने नको म्हटलेलं करून त्याच्याच दारात कसं जाणार?

इकडे माझी बायको कमल बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. आमची आधीची दोन मुलं जन्मतःच गेली होती, म्हणून या वेळी डॉक्टरांनी तिला आधीपासूनच ठेवून घेतलं होतं. मुलगी झाली. वजन इतकं कमी की हातात घ्यायची भीती वाटावी. पण जगली. वीस दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मात्र बाळ-बाळंतिणीला धक्के बसू देऊ नका.

मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. जुन्या टायरचे जाड तुकडे कापले आणि पाटे आणि ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, यांच्या मधे घातले. पाट्यांच्या फटींत गोणपाट कोंबलं आणि वरून बोल्ट कचकचून आवळले. गाडी एकदम मुकी झाली. चार दिवस बाजारात नेली तरी चकार आवाज नाही. मी खूश. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, इतकी माझी अक्कल.

त्या दिवशी डॉक्टर दहाच्या सुमाराला तपासून गेले आणि आम्ही निघालो. माय माझ्या शेजारी पुढे बसली. मागे गादी अंथरून कमल बाळाला कुशीत घेऊन आडवी झाली होती. ऊन चांगलंच चढलं होतं. बुलढाण्याहून आमच्याकडे यायचं तर राजूरचा घाट उतरावा लागतो. घाटाच्या अलीकडे रस्ता सपाट आहे. तिथे मी गाडी सावकाश चालवत होतो. मागून काही म्हणजे काही आवाज नव्हता.

आणि अगदी उताराच्या तोंडाशी... टक् टक्... टक्.

मी विचार केलाच नाही. पायाने ब्रेक दाबला आणि गाडी उभी राहिली.

"काऊन थांबला रे?" मायने विचारलं.

"तुले ठोकल्याचा आवाज नाही आला?"

"नाही बाप्पा. मले तं काहीच नाही आलं."

मागून कमल म्हणाली, "मले आवाज नाही आला. पण पाठीखालून कोणीतरी ठोकलं. तीनदा."

माझा पाय अजून ब्रेकवरच होता. तो हळूच उचलला आणि पुन्हा दाबला, तर पेडल सरळ फळीला टेकलं. ब्रेक नव्हताच. हँडब्रेक ओढला, उतरलो, आधी चाकांना दगड लावले आणि मग गाडीखाली वाकलो.

मी घातलेलं रबर दबून बोल्ट ढिले पडले होते. पाटे ॲक्सलवर जागच्या जागी धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता. अख्खा ॲक्सल एका बाजूने चार बोटं मागे सरकला होता, आणि ब्रेकची रबरी नळी ताणून ताणून चिरली होती. तेलाचे थेंब मातीत पडत होते. मी जो ब्रेक मारला, तो त्या गाडीतला शेवटचा ब्रेक होता. पुढे दहा पावलांवर घाट सुरू होत होता. मी तिथेच मातीत बसलो. माय बाळाला घेऊन खाली उतरली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडलो, हे सांगायला मला आता काही वाटत नाही.

थोड्या वेळाने एसटी आली. ड्रायव्हरने पुढची सीट रिकामी करून दिली आणि तिघी घरी गेल्या. मी संध्याकाळी एका ट्रकने खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुने पाटे विहिरीवरून उचलले, पोत्यात घातले आणि रोहिणखेडला गेलो. म्हटलं, आता चाचाने चार शिव्या दिल्या तरी चालतील. चाचा चूल पेटवून चहा करत होता. तिथे मोटार दुरुस्तीला टाकलेले एक पाटील खाटेवर बसले होते. त्यांची मोटार समोर दगडांवर चढवलेली, चारही चाकं काढलेली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर पाटीलच हसत म्हणाले, "या भाजीवाले. तुमच्या चाचाले आता आराम द्या. काल खाली पडल्या पडल्या ठोकून राह्यला, टक् टक् टक्, थांब म्हणून. म्या म्हटलं, चाचा, मोटारीले चाकं नाहीत, इंजिन बाहेर पडलं हाये, आता थांबू तरी कसा?"

माझ्या हातातलं पोतं खाली पडलं.

"कधी?" मी विचारलं.

"अकराचा सुमार असंन. माही भाकर यायची होती."

घड्याळ पाटलांकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. त्यामुळे तीच वेळ होती असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आम्ही घाटावर होतो तेव्हा अकराचाच सुमार होता.

चाचासमोर बसून मी सगळं सांगितलं. ट्रकचे पाटे, रबर, घाट, ठोके. तो माझे ओठ वाचत होता. शिव्या दिल्या नाहीत.

"काल काऊन ठोकलं, चाचा?"

"मले काय मालूम बाप्पा." त्याने स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. "पाना हातात होता. हात गेला, ठोकलं. पाटील हसले तवा समजलं." मग म्हणाला, "पोर बरी हाये ना?"

"बरी हाये."

"मंग चाल."

नंतर लोकांनी मला पुष्कळ समजावलं. माझा मोठा भाऊ म्हणाला, बोल्ट तुटला त्याचाच आवाज असणार. पण चाचाला घेऊन मी लगेच घाटावर गेलो होतो. तिथे त्याने तो तुटलेला बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्याची दोन्ही तोंडं गंजलेली होती. तो तुटून निदान चार दिवस झाले होते. शिवाय रबर आणि गोणपाट अजून तिथेच होतं. काही खोलायच्या आधी आम्ही दोघांनी गाडी धरून गदागदा हलवली, तरी खालून आवाज आला नाही. मग तो ठोका कशाचा? आणि नेमका त्याच तालात? मला आवाज आला, कमलला पाठीत जाणवला, आणि शेजारी बसलेल्या मायला काहीच कळलं नाही, हे कसं? मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. मात्र नजर, पुण्याई वगैरे लिहू नका.

त्या दुपारी चाचाने रस्त्यातच जुने पाटे बसवले, ब्रेकची नळी बदलली. मी त्याला म्हणत होतो, चाचा, तुमचे उपकार कसे फेडू. पण त्याचं तोंड गाडीखाली आणि माझं वर. ओठ दिसल्याशिवाय त्याला काय कळणार? वर आला की कपाळ पुसायचा, दुसरीकडे बघायचा, पुन्हा खाली. आभार नको असले की बहिऱ्या माणसाला तेवढी सोय असते.

शेवटी नेहमीप्रमाणे त्याने काठी काढली. खाली पडून एक टोक चेसीला टेकवलं, दुसरं दातात धरलं, डोळे मिटले आणि गाडी मागून दाब म्हणून मला हाताने खूण केली. मी गाडी दाबली नाही. त्याचा पाना उचलला आणि चेसीवर त्याच्याच रीतीने ठोकलं. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक.

चाचाने डोळे उघडले नाहीत. काठीही लवकर दातातून काढली नाही. त्याच्या कानशिलावरून एक थेंब मातीत उतरला. मग त्याने काठी बाजूला केली आणि म्हणाला, "बस. सगळं जाग्यावर हाये."

चाचाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घाटावर तो ठोका कोणी दिला, हे मला शेवटपर्यंत कळणार नाही बहुतेक. पण माझे आभार त्याला ऐकू गेले, एवढं मला पक्कं माहीत आहे.