साडूंचा पंप

देवरी तालुक्यात माझ्या साडूंइतका उधळ्या माणूस आजवर झाला नाही आणि तालुक्याच्या सुदैवाने पुढेही होणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. स्वतःची वस्तू संध्याकाळपर्यंत स्वतःजवळ टिकली तर त्यांना चैन पडत नाही. त्यांची छत्री, टॉर्च, सायकल, सगळं कायम गावभर फिरत असतं. एकदा आमच्याकडे लग्नाला आले आणि अनवाणी परतले, कारण वरपक्षातल्या कुणाची तरी चप्पल तुटली होती. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी उघडली की आधी ती अनोळखी माणसापुढे जायची. मग स्वतःला उरला तर उरला. ताई म्हणतात, "यायले कोनी मांगाची गरज नाही. नुसतं पाह्यलं तरी देऊन टाकतेत."

पुढे दमा निघाला, खर्रा बंद झाला आणि त्या खिशात श्वास मोकळा करणारा पंप आला. साडूंनी खर्ऱ्याचे सगळे रीतिरिवाज पंपाला लावले. बसमागे पळून धापा टाकणारी म्हातारी, तलावाच्या पाळीवर सायकल रेटत आलेला पोस्टमन, नागझिऱ्याच्या जंगलात आम्हाला हिंडवणारा गाईड, सगळ्यांपुढे पंप धरून, "घे ना गा, एक मार." मारायची रीतही खास त्यांची. पंप लांब धरून उघड्या तोंडात अत्तरासारखा फवारा, निम्मा हवेत. औषध किती उरलं हे पंप नारळासारखा कानाशी हलवून ठरवायचं. वाजला म्हणजे भरलेला.

गेल्या वर्षी धानाच्या मळणीला मी तिथेच होतो. थ्रेशरचा भुसा उडाला आणि साडू बोलता बोलता थांबले. हा माणूस वाक्य अर्ध्यात सोडतो म्हटल्यावर मी त्यांच्याकडे धावलो. त्यांनी पंप काढून हलवला. वाजला. एकदा मारला, पुन्हा मारला, छातीची घरघर काही कमी होईना. आत फवारा उडवणारा द्रव तेवढा उरला होता, औषध गावाने संपवलं होतं. भोवती गाव गोळा झाला. ओठ निळसर दिसायला लागले, तसं शेजाऱ्याच्या जीपमध्ये त्यांना ताठ बसवून आम्ही देवरी गाठली. ताई वाटभर त्यांची पाठ चोळत होत्या. मी इतका घाबरलो होतो, की देवाचं नावही आठवेना.

दवाखान्यात मास्क लागला आणि हळूहळू साडूंच्या चेहऱ्यावर रंग परतला. पंप इतक्या लवकर संपला कसा, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने गावातली नावं सांगायला घेतली. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, धाप काय फक्त दम्यानेच लागते? एखाद्याचं हृदय बिघडलेलं असेल तर? त्याला दवाखान्यात आणा. तुमचा पंप तुमच्याच खिशात हवा."

मग शिकवणी झाली. टोपण काढून पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा आणि दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा तर मध्ये मिनिटभर थांबायचं. उरलेलं औषध पंपावरच्या आकड्यावरून बघायचं, आवाजावरून नाही. आराम पडला नाही किंवा पंप वारंवार लागायला लागला, तर तडक दवाखान्यात यायचं. साडूंना बाकी सगळं जमलं, घोडं अडलं ते धरून ठेवण्यापाशी. जन्मात कधी काही धरून ठेवलेलंच नव्हतं! चारावरच श्वास सुटायचा आणि ओशाळून हसायचे.

यंदा भेटलो तर तब्येत छान. दमा आटोक्यात ठेवायला डॉक्टरबाईंनी दिलेला दुसरा पंप रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने घेतात, तोंडात औषध राहू नये म्हणून चूळ भरतात, मळणीच्या वेळी नाकाला दुपट्टा बांधून लांब उभे राहतात. कुणाला धाप लागलेली दिसली की त्याला मोटारसायकलवर बसवून थेट देवरीला नेतात. पेट्रोल अर्थातच त्यांचं. मी चिडवलं, "शेवटी एक तरी वस्तू तुमच्याजवळ टिकली."

ते हसले नाहीत. धानाच्या बांधीकडे बघत म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी सारा गाव उभा होता माह्या भवताल. मी काही बी मांगलं असतं तं आनून देल्लं असतं त्यायनं. पन श्वास कोन देईन?"

हा माणूस अजून पुष्कळ वर्षं असाच अनवाणी घरी परतत राहावा, एवढंच मनात आलं.