मिगच्या पंखावरचा ब्रशचा केस

"कुणी बघितलंय?"

मूळ रंग असाच होता म्हणून कुठलाही रंग दाखवला की चाचांचा पहिला प्रश्न हाच. पाठोपाठ त्यांचा अंगठा त्या रंगावरून फिरायचा आणि मग तो अंगठा डोळ्यांजवळ नेऊन ते निरखून बघायचे. पुढे कॉम्प्युटरवर काम करायला लागले तरी ही खोड गेली नाही. माझ्या मॉनिटरच्या काचेवर त्यांचे ठसे कायम असायचे आणि मी कायम चिडायचे.

चौक गावात, जुन्या हायवेवर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर गल्लीतल्या दादांचे चेहरे उजळ करून देणं हा माझा धंदा. समोर चाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल, तर रंगवून उन्हात उभ्या केलेल्या गाड्या नक्की बघितल्या असतील. "रंगाचा एक ओघळ दाखव, गाडी तुझी!" असं ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे. गाडी मुळात गिऱ्हाइकाचीच आहे, हे त्यांच्या आवाजापुढे कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

रंग मारताना तोंडाला रुमाल बांधायचा नाही, ही त्यांची दुसरी ऐट. "वास नाय आला तर रंग बसला का नाय, कळणार कसं?" व्हायचं तेच झालं. छाती भरली, डॉक्टरांनी स्प्रे गनजवळ उभं राहायलाही बंदी केली. गॅरेज पुतण्याकडे गेलं आणि चाचा घरात बसून सगळ्यांशी भांडायला लागले.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचा जुना मोठा कॉम्प्युटर घरी पडून होता, त्यात विमान उडवायचा गेम होता. चाचांनी विमान कधीच उडवलं नाही. धावपट्टीवर उभं केलं, स्क्रीनवरच त्याच्याभोवती फेरी मारली आणि तणतणत माझ्या दुकानात आले.

"काय घाण पेंटिंग केलंय गं! लढाईचं इमान हाय, आणि हिरवा कुठला मारलाय? भोपळी मिरचीचा?"

तो रंग बदलता येतो, हे मी सांगितलं आणि माझ्या शांत दुपारी संपल्या. शिंपी शर्टाचे कापलेले तुकडे टेबलावर पसरतो ना, तसं या गेममधलं अख्खं विमान एका चित्रात पसरलेलं असतं. पंख इकडे, शेपूट तिकडे. त्या तुकड्यांवर नवा रंग चढवायचा, की गेममध्ये विमान नव्या रंगात उभं. त्याचं सॉफ्टवेअर माझ्या रोजच्या वापरातलं. मी शिकवलं, चाचा शिकले. शिकताना आवाज मात्र त्यांचाच जास्त चढायचा.

मग सुरू झाली जुन्या लढाऊ विमानांची रांग. पंखावरचं गोल चिन्ह केवढं, शेपटीवरचा आकडा कुठे, इंजिनाच्या धुराचा डाग कुठवर. मी म्हणायचे, "चाचा, पुस्तकात दिलंय." ते म्हणायचे, "पुस्तकवाल्यानं बघितलंय काय?" दोन जुने फोटो जुळल्याशिवाय ते रेघ ओढायचे नाहीत. रंगवलेलं विमान आम्ही इंटरनेटवर टाकायचो, कुठकुठल्या देशांतले लोक ते फुकट उतरवून घ्यायचे आणि वा वा करायचे. मी कौतुक वाचून दाखवलं की चाचा मान डोलवायचे. "माहितीय मला. पुढचं वाच."

एकाहत्तरच्या लढाईतलं आपलं मिग त्यांनी मनावर घेतलं तेव्हा मात्र गाडी अडली. ही विमानं मुळात चांदीसारखी चकचकीत. वरून दिसू नयेत म्हणून लढाईच्या तोंडावर त्यांना हिरवा रंग दिलेला. फोटो सगळे काळे-पांढरे, तेही धूसर. चाचांनी महिनाभर खपून हिरवा जमवला आणि असा गुळगुळीत चढवला, की बघत राहावं.

ते मिग माझ्या स्क्रीनवर असतानाच पळसदरीचे आबा आले. पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला येणारे, अंगाने सडपातळ, बोलायला हळू. तरुणपणी हवाई दलात विमानांच्या देखभालीवर होते, एवढंच मला माहीत होतं. चष्मा वर करून त्यांनी विमान बघितलं.

"रंग बरा हाय," आबा म्हणाले. "पर असा सफाईदार नव्हता. आमी बरशानं मारला हुता."

चाचा गर्रकन वळले. "ब्रश? इमानाला? आबा, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवलीत ती सांगताय काय?"

"बैलाची शिंगं सावकाशीनं रंगवतात. आमाला येळ कुठं हुता?"

"कुणी बघितलंय?"

"मी. मीच मारलाय." आबांचा चेहरा उतरला. झेरॉक्स घडी करत ते माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात बी असंच हसतात, पोरी. सून म्हणते, आबा लढाईवर गेले आणि भिंती रंगवून आले. आता सांगायचंच सोडलंय मी."

मला इतकं वाईट वाटलं! चाचांना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात आबा दारातून आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बरश तरी धड कुठं हुते? केस गळायचे, रंगात रुतून बसायचे. नखानं काढाया जावं, तर खालनं चांदी दिसायची. मग सार्जंट वरडायचा, ऱ्हाऊ दे तसंच."

चाचा उठले. त्यांना एकदम उठताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं, कारण उठलं की धाप लागायची. आबांचा दंड धरून त्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि माझ्यावर ओरडले, "चहा सांग की गं! बघत काय बसलीस?" मग खाली बसून दम घेत म्हणाले, "थापा मारणारा शौर्याच्या मारतो. ब्रशाच्या गळलेल्या केसाची थाप कोण मारंल? ज्यानं रंग मारलाय त्यालाच तो केस सलतो. आबा, माझं चुकलं."

चाचांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते, मला चहावाल्याला हाक मारायचं सुचेना.

पण पंचाईत पुढेच होती. ज्या माणसाने जन्मभर ओघळ पुसले, त्याला आता ओघळ काढायचे होते. चाचांनी माऊसने केलेला फराटासुद्धा देखणा यायचा. चिडून त्यांनी माझा माऊस आपटला. शेवटी गॅरेजमागे पडलेलं एका जुन्या जीपचं बॉनेट त्यांनी घासून चकचकीत करून घेतलं, हिरवा रंग कालवून घेतला, बाजारातला सगळ्यात भिकार ब्रश आणला आणि आबांच्या हातात दिला.

"मारा."

आबांचा हात थरथरायला लागला. "आता वय झालं रं, मिस्त्री."

"तवा थरथरत नव्हता काय?"

आबांनी ब्रश रंगात बुडवला. "थरथरत हुता. थंडी हुती. आणि भ्या वाटत हुतं. आमी रंगवलेलं इमान परत येतंय का नाय, ह्याचं."

"मग तसाच मारा," चाचा म्हणाले. रंगाच्या वासाने त्यांना खोकल्याची उबळ आली, तरी ते हलले नाहीत. त्या दिवशी मात्र तोंडाला रुमाल होता. मीच दटावून बांधायला लावला होता.

त्या बॉनेटचे मी जवळून फोटो काढले आणि तेच फटकारे विमानाच्या तुकड्यांवर बसवले. म्हणजे गेममधल्या त्या मिगच्या पंखांवर आबांचाच हात आहे. डाव्या पंखावर एक केस चिकटलेलाही दिसतो. विमान झाल्यावर चाचांनी कॉम्प्युटर टेंपोत टाकला आणि थेट पळसदरीला नेला. आबांच्या पडवीत सगळ्या घराला बसवून ते मिग दाखवलं आणि सुनेला म्हणाले, "बघ गं बाय. ह्या भिंतीला पंख हायेत." सून पदर तोंडाला लावून हसली आणि मग आबांकडे बघून तिचे डोळे भरले.

विमानाबरोबर रंगवणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत असते. चाचांनी मला लिहायला लावलं, पेंटर म्हणून आबांचं नाव. खाली, हेल्पर म्हणून स्वतःचं. गॅरेजात त्यांना कुणी चुकून हेल्पर म्हटलं असतं, तर त्याचं काही खरं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर चाचा गेले. माझ्या मॉनिटरवर त्यांचे ठसे होते. मी बरेच दिवस काच पुसली नाही. शेवटी धुळीने दिसेना तेव्हा पुसली, आणि रडले.

परवा आबा झेरॉक्सला आले, तेव्हा मी मिगवर आलेले नवे निरोप वाचत होते. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, विमान छान आहे, पण पंखावर ब्रशचे फटकारे दिसतात, असा रंग विमानाला कुणी देत नाही, तेवढं सुधारा.

"काय म्हणतोय त्यो?" आबांनी विचारलं. मी सांगितलं.

आबा पुढे झाले. अंगठा त्यांनी स्क्रीनवरच्या डाव्या पंखावर फिरवला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि मला म्हणाले,

"लिही त्याला. कुणी बघितलंय?"