जळगाव ते नरडाणा, आणि आबांचा अणुबॉम्ब

शनिवारी सकाळी जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले, ते पर्यटनाला नव्हे. नरडाण्याजवळ माझे मामा शेती करतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या नातीला, वैष्णवीला, समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि आबांनी विषय मिटवला होता : बॉम्बच्या कारखान्यात घरची पोर जाणार नाही. "आत्या, तू फिजिक्सवाली. तूच ये," वैष्णवी फोनवर म्हणाली. बी.एस्सी. होऊन वीस वर्षं उलटली, नोकरी विम्याची. मला हे बोलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न गाडीभर सोबत होता.

हा प्रवास थंडीत करा आणि खिडकी पकडा. केळीच्या बागा मागे पडतात, धरणगावच्या आसपास कपाशीची पांढरी शेतं लागतात. तिकीट नाश्त्यापेक्षा स्वस्त, पण गाडी वेळ पाळेलच असं नाही. पाणी जवळ ठेवा. नरडाण्याला शेअर रिक्षा मिळते, भरली की निघते.

आबा ओट्यावरच बसले होते.

"तू इन्ही ते बरं व्हयनं. पण माले फसाडू नको. तठे बॉम्बनाच माल शे ना?"

मी अणू, न्यूट्रॉन, साखळी असं सुरू केलं. आबांनी ऐकता ऐकता तंबाखू मळून संपवली. "हाई तुना कॉलेजमा सांग," ते म्हणाले. वैष्णवी माझ्याकडे बघेना.

आत मामी, म्हणजे अक्का, कळण्याची भाकरी थापत होत्या. ज्वारीत थोडे उडीद घालून दळलेलं हे पीठ. मी भाकरीचं ताटच ओट्यावर आणलं.

"आबा, युरेनियममध्ये दोन जाती असतात. बॉम्बच्या कामाची जात या पिठातल्या उडदाहूनही कमी. वीज केंद्रात तेवढ्यावरच, नाहीतर थोडी वाढवून भागतं. हळूहळू तापवायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेनं यंत्र फिरवायचं. बॉम्बला जवळजवळ निव्वळ उडीद लागतात, आणि सगळं एका क्षणात पेटवावं लागतं. या पिठाचे पापड होतील का?"

"कशाना व्हतीन," आतून अक्का म्हणाल्या. "लाटताच फाटतीन."

आबा हसले नाहीत. "उडीद येगळा काढता येस का?"

"येतो. फार खटाटोप आहे, पण येतो. जळालेल्या इंधनातूनही बॉम्बचा माल काढता येतो. म्हणून तर जग लक्ष ठेवतं."

"मंग पोरले धोका नहीच शे?"

नाही म्हटलं असतं तर वैष्णवीची बॅग तिथेच भरली गेली असती. ती डोळ्यांनी तेच सांगत होती. "धोका आहे," मी म्हणाले. "केंद्र बॉम्बसारखं फुटत नाही. पण थंड ठेवणारं पाणी थांबलं तर आतलं वितळतं, किरणं बाहेर पडू शकतात. जळालेला माल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. तिची नोकरी तेच सांभाळण्याची आहे."

वैष्णवीनं मान खाली घातली. आबांनी भाकरी मोडली.

"धोका नही म्हंती तर मी जाऊ देतू नही," ते म्हणाले. "विहीरवर मोटार चालाडस मी. धोका नही म्हणनारना हातमा वायर देत नही." मग नातीकडे वळून : "जाय. रोज फोन करजो."

रविवारी नरडाणा स्टेशनवर चहावाल्यानं विचारलं, "आबा, नात कठे चालनी? बॉम्ब बनाडाले?"

"कळनाना पीठना पापड फाटतस ना, तसा बॉम्ब," आबा म्हणाले, आणि त्याला पीठ समजावू लागले. दोन ठिकाणी त्यांचं चुकलं. मी दुरुस्त केलं नाही. अजून ठरत नाही, करायला हवं होतं का.

घरी आले तर पिशवीत अक्कांनी न सांगता घातलेलं कळण्याचं पीठ निघालं. सोमवारी रात्री मी भाकरी थापली, कडेला फाटली. तेवढ्यात आबांचा फोन : पोर पोहोचली, पहिल्या दिवशी आग लागली तर काय करायचं तेवढंच शिकवलं. "चांगली जागा शे," ते म्हणाले. एवढं ऐकायला मी पुन्हा त्या पॅसेंजरमध्ये बसेन.