हात केला तरी न थांबणारी गाडी

आमच्या वेल्ह्या-भोराकडं रेल्वे नाही, आणि नाही म्हणून कुणाचं अडतही नाही. आमची सगळी अक्कल एसटीनं घडवलेली. रस्त्यात कुठंही उभं राहून हात केला की गाडी थांबते. गाडी लागली की आधी एकानं चढून पिशवी टाकून जागा धरायची, बाकीच्यांनी मागनं सावकाश यायचं. कुणी राहिलंच असलं तर कंडक्टरला सांगायचं, "थांबा, माणूस यायचंय." विंझरच्या गाडीचा कंडक्टर तेवढं ऐकतो. आणि आणखी एक गोष्ट आईनं मला लहानपणी नसरापूरच्या बाजारात शिकवलेली: "चुकलीस तर हाईस तितंच बस. हलायचं न्हाई. मी येते हुडकत."

एवढ्या शिदोरीवर मी नोकरीला आले, आणि लोणावळ्याच्या लोकलवरच्या एका छोट्या स्टेशनाजवळ खोली घेऊन राहू लागले. स्टेशनाची इमारत दगडी, इंग्रजांच्या वेळची म्हणतात. फलाटावरचे चहावाले काका सांगतात, त्यांच्या वडिलांच्या काळात दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असायची आणि गाडीत चढायचे ते दूधवाले, कॅन घेऊन. मग कारखाने आले. मागोमाग शेड, पूल, तिकिटाचं मशीन, पाण्याचे नळ आले. सकाळ-संध्याकाळ लोकल पाठोपाठ येतात, दुपारी मात्र बसा वाट बघत. मधूनमधून लांब पल्ल्याच्या गाड्या फलाट हादरवत न थांबता निघून जातात. त्या गाड्यांची मला पहिल्यापासून भीती वाटते. मी अजूनही भिंतीला चिकटून उभी राहते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती माझ्याकडंच राहिली होती. दुसरा डोळा अजून धुरकट होता. त्या दुपारी तिला तपासायला पुण्यात न्यायची होती. हिरवं लुगडं, डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, हातात पिशवी, अशी तिला बाकावर बसवली आणि म्हटलं, "इथून हलू नकोस. मी तिकीट काढून आणते." तिचा मोबाईल पिशवीतून पडेल म्हणून माझ्याच पर्समध्ये ठेवला. शहाणपण माझं, दुसरं काय.

खिडकीशी रांग होती. माझा नंबर आला आणि तेवढ्यात लोकलही आली. तिकिटं घेऊन पळत फलाटावर आले, तर बाक रिकामा. गाडी हलली होती. बायकांचा डबा समोरून गेला, त्यात खिडकीशी आई. शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली होती, माझ्यासाठी. ती आत कुणाला तरी सांगत होती, "थांबवा जरा, माझी पोरगी यायचीय." हे मला स्वच्छ ऐकू आलं. पण त्या गाडीला ना कंडक्टर, ना घंटेची दोरी. गेली ती.

आई पुढच्या स्टेशनावर उतरेल हे मला कळत होतं, आणि त्याचंच भ्या वाटत होतं. कारण उतरल्यावर ती काय करेल, हेही मला कळत होतं. ती फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहील आणि येईल त्या गाडीला हात करील. थांबणारी कोणती, न थांबणारी कोणती, हे त्या धुरकट डोळ्याला कसं कळावं? नाहीतर शेताचा बांध ओलांडावा तशी रूळ ओलांडायला निघेल.

चहावाले काका मला धरूनच स्टेशनमास्तरांकडं घेऊन गेले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या स्टेशनाला फोन लावला, पण तिकडं कुणी उचलेना; ते लावत राहिले. पुढची लोकल यायला वेळ होता, म्हणून मी रिक्षा केली.

फाटकाशी रिक्षा थांबली. समोरून लांब पल्ल्याची गाडी गेली, आणि जाताना तिनं लांबलचक शिट्टी दिली. थांबेचना ती शिट्टी.

"एवढी का वाजवतायत?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"रोजचंच आहे ताई," तो म्हणाला.

रोजचं असेल त्याचं. मी डोळे मिटून वंदना म्हणायला घेतली. लहानपणापासून पाठ असलेली वंदना, पण पहिल्या ओळीपुढं काही आठवेना. तीच ओळ म्हणत राहिले.

पुढच्या स्टेशनावर पोचले तेव्हा मी फलाट नाही बघितला, आधी रूळ बघितले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रुळांवर काही नव्हतं. मग बाकं बघितली. बाकांवरही आई नव्हती.

झाडू मारणाऱ्या एका मावशींना विचारलं.

"काळ्या चष्म्याची म्हातारी व्हय?" त्या म्हणाल्या. "त्या गेल्या की. रुळातनंच निघाल्या होत्या, म्या हात धरून पुलावरनं नेलं न् परतीच्या गाडीत बसवलं. साहेबांना फोन आला तवर गाडी सुटलीबी होती."

"अहो मावशी, तिला वाचता येत नाही, धड दिसत नाही. बसवून का नाही ठेवलंत?"

"लई सांगितलं, बसा म्हटलं, तुमची मुलगी येईल हितं. ऐकतात व्हय? म्हणाल्या, माझी पोरगी चुकलीय. तिला सांगून ठेवलंय, चुकलीस तर हलू नको म्हणून. ती तितंच बसली असंल माझी वाट बघत."

आणि मी तिथं नव्हते.

परतीच्या रिक्षात मी वंदनाही म्हटली नाही. या लायनीवरची सगळी स्टेशनं सारखीच दिसतात. ती बरोबर ठिकाणी उतरली का? उतरली असेल, तर रिकामा बाक बघून परत कुठं निघाली? माझ्यासाठी ती पुन्हा गाडीत चढली तर मी तिला कुठं कुठं शोधू?

आई त्याच बाकावर होती. चहावाले काका तिच्या शेजारी उभे होते, चहाचा कप तसाच भरलेला. मला बघताच तिनं चष्मा काढला.

"व्हय गं," ती म्हणाली, "हलू नको म्हणून सांगितलं हुतं ना तुला?"

मी भांडायच्या तयारीतच होते. तोंड उघडलंही होतं. पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"लई भ्याले गं मी," ती म्हणाली. "तू एकलीच हुतीस हितं."