मांडवाखालचा गवा

आक्का गेल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहितो आहे. कधी चार ओळी होतात, कधी एकच. आई लवकर गेली आणि मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं, तेव्हा तिच्याबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी. पण लिहायला बसलो की दरवेळी समोर येते ती फेब्रुवारीतली एक सकाळ, आणि द्राक्षाच्या बागेत मातीवर बसलेली ती. ती सकाळ एकदा नीट लिहून काढल्याशिवाय पुढचं काही येईलसं दिसत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशकात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. आक्काचं सासर पिंपळगाव बसवंतच्या पुढं, कादवा नदीच्या अंगाला. खुडणीच्या दिवसांत मी रविवार धरून तिच्याकडे जायचो. माझा बागेत काही उपयोग नसे. तिचे यजमान, आमचे दाजी, म्हणायचे, "पाव्हण्यांना फक्त पानं उलटायची सवय, घड उलटायची नाय." मी हसायचो आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो.

तेव्हा बागा मांडवावर असत. लोखंडी अँगल रोवून डोक्याच्या जरा वर तारांचं जाळं विणलेलं, त्यावर वेल पसरलेला, खाली घड लोंबताहेत. आत शिरलं की भर उन्हातही हिरवा अंधार. माणसानं मान वाकवून चालायचं आणि ओळीच्या टोकाशी ताठ व्हायचं. बाहेरच्या बाजूंना, धूळ आणि पाखरं अडावीत म्हणून, घरातल्या जुन्या साड्या ताणून बांधलेल्या असत. लांबून बाग म्हणजे रंगीबेरंगी भिंतींचं बसकं घर वाटे.

माल पिकत आला की पाखरांची राखण. ती करायची रीत ठरलेली होती. चारी बाजूंना माणसं उभी राहायची, हातात पत्र्याची डबडी, ताटल्या, एखाद्याकडे फटाक्यांची माळ. आणि एकदम सगळ्यांनी गलका करायचा. थवा वेलीवरून उठे आणि आभाळात जाई. ही रीत लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगात मुरलेली. बागेत नको ते काही शिरलं, की हात आपोआप डबड्याकडे जायचा.

त्या सकाळी आक्का टोपली आणि कात्री घेऊन निघाली. खुडणीच्या बायका, सुरगाण्याकडून हंगामाला आलेल्या, आधीच आत होत्या. ती मला म्हणाली, "तुला न्यायला खालच्या कडंचे खुडते. तिथला माल गोड हे. चहा उरलाय, घे गरम करून."

मी चहा घेतला नाही. पुस्तकात होतो. थोड्या वेळानं बागेतून बायकांची किंकाळी आली, आणि मग त्या एकामागून एक बाहेर आल्या, कुणी क्रेट टाकून, कुणी पदर तारेत फाडून.

"रेडा! येवढा मोठा रेडा!"

दाजी ट्रॅक्टरपाशी होते. ते हसले. "अगं, कुणाचं तरी म्हसरू सुटलं असंल. त्याला काय भ्यायचं?" हातात काठी घेऊन ते आत गेले. गेले आणि लगेच परत आले. काठी हातात नव्हती.

"पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, "हे म्हशीच्या जातीचं नाय."

मी बांधावर आडवा झालो. मांडवाखाली पाहायचं तर तेच करावं लागतं. उभ्यानं फक्त पानं दिसतात. गाल मातीला लावला आणि खोडांच्या रांगांमधून लांबवर पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग चार पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे, शाळेतल्या मुलानं मोजे घालावेत तसे. त्यांच्यावर काळं धूड, आणि पाठीचा उंचवटा इतका वर की वेलीचे घड त्याला घासत होते. असे पाय मी फक्त चित्रात पाहिले होते.

"गवा आहे," मी म्हणालो.

"गवा? इकडं?" दाजी माझ्याकडे बघत राहिले. "तो पार तिकडं, कोल्हापूरच्या रानात."

आमच्या जिल्ह्यात तो नसतो, हे मलाही माहीत होतं. तो कुठून आला हे शेवटपर्यंत कुणालाच नक्की कळलं नाही. कुणी म्हणालं डांगच्या जंगलातून, सुरगाण्यावरून, वणीच्या डोंगरांच्या कडेनं आणि मग नदीनदीनं. रात्रभर चालून उजाडल्यावर त्याला जे सगळ्यात रानासारखं दिसलं, त्यात तो शिरला असावा. मांडवाखालच्या अंधाराला तो जंगल समजला.

पण त्या वेळी हा विचार करायला कुणाला सवड नव्हती. दाजींनी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला. ती खूण होती. आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आली आणि बागेला चारी बाजूंनी गराडा पडला. डबडी वाजू लागली. हायवेवरून टेंपोवाले उतरून आले, तेही ओरडू लागले. पलीकडे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. "आक्का कुठे आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण म्हणाली, "त्या आमच्यात नव्हत्या. त्या खालच्या कडंला."

मी पुन्हा मातीवर पडलो. आता मला माहीत होतं काय शोधायचं. तिची हिरवी साडी त्या हिरव्या अंधारात मिसळून गेली होती. आधी टोपली दिसली, उपडी पडलेली. तिच्याशेजारी आक्का जमिनीवर बसली होती, गुडघे छातीशी, एक हात खोडाला. द्राक्षाचं खोड ते केवढं! मनगटाएवढं. त्याच्याआड काय लपणार? गवा तिच्यापासून काही ओळी पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला होता.

मग मला दिसलं ते असं. पूर्वेकडून, म्हणजे आमच्या बाजूनं, गलका झाला की तो पश्चिमेकडे चार पावलं जाई. तिथं लगेच डबडी खणखणत. तो वळे, आणि वळला की थेट आक्काच्या दिशेनं येई. दक्षिणेकडे फटाके होते, उत्तरेला टेंपोवाले. आम्ही सगळे त्याला पाखरं हाकलतात तसं हाकलत होतो. पाखराला चारी बाजूंनी ओरडलं तरी वर आभाळ मोकळं असतं. याच्या डोक्यावर तारा होत्या.

प्रत्येक फेरीला तो तिच्या जवळ येत होता. एकदा ती उठू पाहते आहे असं दिसलं. तो थबकला, नाकातून मोठ्यानं श्वास सोडला, मान खाली घातली. ती पुन्हा बसली. त्यानंतर ती हलली नाही.

मी ट्रॅक्टरकडे धावलो आणि दाजींचा हात हॉर्नवरून ओढून काढला. "आक्का आत आहे. झोपा खाली. बघा."

ते आडवे झाले आणि तसेच पडून राहिले. मग उठले ते सरळ आत जायला. मी त्यांना कमरेला धरलं. ते माझ्याहून दुप्पट ताकदीचे. कसं धरलं मला माहीत नाही. "तुम्ही या बाजूनं गेलात तर तो तिकडं जाईल, तिकडून परत फिरेल. मध्ये ती आहे. तिकडचा आवाज बंद झाला पाहिजे."

तिकडे, म्हणजे पश्चिमेच्या बांधापलीकडे, दाजींच्या चुलतभावाची बाग होती. बांधावरून त्या दोन घरांचं वाकडं होतं. बांध कुणी किती कोरला, यावरून आक्का आणि त्या घरच्या तिच्या जाऊबाई कित्येक हंगाम एकमेकींशी बोलत नव्हत्या. दाजी जागेवरून हलले नाहीत. ते गेले असते तर तिकडं आधी भांडणच झालं असतं, हे त्यांनाही कळत होतं.

मी बांधाबांधानं पळालो. जाऊबाई स्वतः पितळी ताट घेऊन उभ्या होत्या, पदर खोचलेला, शेजारी त्यांचे दोन गडी डबडी बडवताहेत. त्यांच्या आणि आमच्या बागेच्या मध्ये ताणलेल्या साड्यांची भिंत. गव्याला पलीकडे वाट आहे हे दिसणंच शक्य नव्हतं.

"ताई, वाजवणं थांबवा."

"थांबवते की. मग तो कुठं येईल? माझ्या बागेत! उद्या माझी खुडणी हे. तुमचं तुम्ही निस्तरा."

"आक्का आत आहे."

"सगळ्या बाया भायेर आल्यात. मी पाह्यल्या."

"ती नाही आली. ती खाली बसलीय. तुमचं ताट वाजलं की तो तिच्यावर जातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलतोय का, हे त्या बघत असाव्यात. मग ताणलेल्या साडीची कड वर करून त्या जमिनीवर वाकल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. ताट अजून हातात होतं.

उठल्या तेव्हा त्यांनी ताट जमिनीवर इतकं अलगद ठेवलं, की जणू ते जेवणाचं होतं. "ए, ठेवा रे डबडी. ठेव म्हणते ना!"

त्यांचे यजमान लांबून ओरडले, "येडी झाली का तू? पूर्ण माल खाली येईल!"

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि कमरेची कात्री काढून त्यांनी साड्यांच्या सुतळ्या कापायला सुरुवात केली. मीही हातानं गाठी ओढू लागलो. गाठी सुटेनात. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेली सुतळी लाकडासारखी झालेली. त्या कापत पुढे जात होत्या आणि साड्या एकेक करून खाली पडत होत्या. उजेड आत शिरला.

"सरक तिकडं," त्यांनी मला ढकललं. आम्ही सगळे बाजूला झालो, गड्यांसकट. त्या बाजूला आता कुणीच नव्हतं आणि काहीही वाजत नव्हतं. बाकीच्या तीन बाजूंना गलका चालूच होता.

मी खाली पडून पाहिलं. तो आक्काच्या अगदी जवळ होता. तिनं हात लांब केला असता तर त्याच्या पायाला लागला असता. तिचं डोकं गुडघ्यांत होतं. तो उभा होता. कान हलत होते, एक इकडे, एक तिकडे. मग दोन्ही कान आमच्या दिशेला वळले, जिथं शांत होतं.

तो आधी चालत आला. उघड्यावर, बांधावर आल्यावर उन्हात त्याचं सगळं अंग दिसलं. काळं, तुळतुळीत, एका बाजूला घाम की दव, काहीतरी चमकत होतं. पाठीवर द्राक्षाचा एक फुटका घड चिकटलेला. त्यानं आम्हाला पाहिलं, आणि मग तो पळाला. जाऊबाईंच्या बागेतून. पाठीचा उंचवटा तारांत अडकला आणि तारा तुटण्याचा आवाज आला, एकापाठोपाठ एक. अँगल वाकले. मांडवाचा एक मोठा भाग, पिकलेल्या मालासकट, जमिनीवर बसला. पलीकडून तो नदीकडे उतरताना दिसला. त्यानंतर त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

दाजी आक्काला धरून बाहेर घेऊन आले. तिच्या साडीला माती होती, गालावर खोडाचे वळ होते. बायका तिच्याभोवती जमल्या, एक तिचे तळवे चोळू लागली. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे, पडलेल्या मांडवाकडे बघत होती.

"तो माल आजच काढावा लागंल," ती म्हणाली. "मातीला लागलाय. उद्यापर्यंत नाय टिकणार."

"तू आधी घरी चल," मी म्हणालो.

"खुडणी आपली उद्या होईल." ती सुरगाण्याच्या बायकांकडे वळली. "चला गं. क्रेट घ्या."

आणि खरोखरच ती गेली. बांध ओलांडून, पडलेल्या साड्यांवरून. जाऊबाई मोडक्या मांडवाखाली आधीच वाकून कापत होत्या. आक्का त्यांच्यापासून थोड्या अंतरावर खाली बसली. तिनं पहिला घड कापला. जाऊबाईंनी मान वर केली. "खाली काय बसतीस परत? बसायची हौस फिटली नाय का अजून?"

आक्का हसली. मग ती रडली, आणि तशीच कापत राहिली.

दुपारी वनखात्याचे लोक आले. त्यांच्यातल्या एकाला आधी पटलंच नाही. "गवा? इथं? रेडा असणार." मग त्यांनी नदीकाठचा खुराचा ठसा टेपनं मोजला आणि वहीत 'गवा' असं लिहिलं. पुढं कुणी सांगितलं तो वणीकडे दिसला, कुणी सांगितलं पेठच्या बाजूला. मी ग्रंथालयात बसून वर्तमानपत्रांत शोधत राहिलो. काही सापडलं नाही.

दोन्ही घरांचा बांध अजून तसाच आहे, वाद निम्मा. दोघी जावा काही जिवाभावाच्या झाल्या नाहीत. बोलू लागल्या, एवढं खरं.

पुढं काही वर्षांनी नाशकातच, अंबडच्या एका कारखान्याच्या आवारात भेकर, म्हणजे रानातलं लहान हरीण, शिरलं. अंबडला भेकर म्हणजे नवलच. मी आक्काला फोनवर सांगितलं, कारण अशी बातमी तिला सांगायची हे ठरूनच गेलं होतं. तिनं विचारलं, "लोकांनी काय केलं?"

"फाटक लावून घेतलं. रस्त्यावर जाऊन गाडीखाली येईल म्हणून. मग पकडायला धावले."

"चारी बाजूंनी?"

"हो."

भेकराचं काय झालं हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "एक बाजू सोडायची असते रे. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं त्यांना." आणि मी जेवलो का ते विचारलं.